खेळासाठी धरलेला जीव

मराठीत जमिनीवर जीव धरला तर ती शिकार आणि पाण्यात धरला तर मासेमारी. हिब्रूतही तसेच आहे. 'त्साईद' वेगळे, 'दायिग' वेगळे. अरबी भाषा मात्र हा भेद फारसा मानीत नाही. तेथे दोहोंना 'सैद' म्हणतात, आणि हरणामागे धावणारा तो 'सय्याद' व गळ टाकून बसणारा तोही 'सय्याद'. शब्द वेगळे असले की मनही निर्धास्त होते. बंदूक घेऊन रानात जाणाऱ्याला आपण नाके मुरडतो, आणि गळ घेऊन खाडीवर जाणाऱ्याला 'किती शांत स्वभावाचा माणूस' म्हणतो! यात कितपत न्याय आहे, हे पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

रेवदंड्याची खाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची. नारळी पौर्णिमा होऊन जाते, कुंडलिकेचे पावसाळी गढूळ पाणी हळूहळू निवळते, आणि आश्विन-कार्तिकात भरतीबरोबर रावस, तांब, जिताडा आत शिरतात. उधाणाचे पाणी कोणते, भांगाचे कोणते, हे तेथील पोरांस पाढ्यांच्या आधी येत असे. गरवायला जाणे हा खेळ खराच. पण संध्याकाळी आई टोपलीत डोकावून पाहात असे, त्यामुळे तो निव्वळ खेळ राहात नसे. आपल्या मुलांच्या गरीला खवले नसलेला शिंगाळा लागला तर तो परत पाण्यात जाई किंवा शेजारच्या घरी. त्याचा काटा हाताला लागू न देता गरी सोडविणे ही एक विद्याच होती म्हणा ना.

आता त्याच किनाऱ्यांवर शहरांतून हौशी मंडळी येतात. भारी दांडी, फिरकी, प्लास्टिकचे खोटे मासे आमिषाला. मोठा जिताडा लागला की अर्धा तास झुंजवायचा, छायाचित्र काढायचे आणि पाण्यात सोडून द्यायचा. या मंडळींचे म्हणणे असे की, कोळी मासा मारतो, आम्ही त्याला जीवदान देतो. तेव्हा आमचा खेळ अधिक दयेचा.

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, परंतु आम्हाला तो पटत नाही. माशाला दुखत नाही, अशी समजूत पूर्वी सर्रास होती. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचून पाहिले. त्या माशांनी कित्येक तास अन्नाला तोंड लावले नाही, आणि काही तर टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत राहिले. गळ नेमका ओठातच रुततो. स्वित्झर्लंडने २००९ पासून परत सोडण्याच्याच हेतूने मासा धरण्यास मनाई केली. तेथे हौशी माणसाने खाण्यासाठी धरावा, नाहीतर धरूच नये. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हास हा कायदा उलटा वाटला होता. मासा वाचवितो तो गुन्हेगार, मारतो तो निर्दोष!

पण आपल्याकडे ही वाट जुनीच आहे. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांडाऊ यांजकडे एका श्रीमंत यहुदी गृहस्थाविषयी प्रश्न आला. त्याच्या मालकीचे रान होते, आणि त्याने तेथे बंदुकीने शिकार करावी की नाही? रब्बींनी प्रथम सरळ सांगितले की, माणसाच्या गरजेसाठी प्राणी मारण्यास प्राण्यांना दुःख देण्याची बंदी आड येत नाही. मग मात्र त्यांनी विचारले की तोरामध्ये शिकारी म्हणून कोण भेटतो? निम्रोद आणि एसाव. आपल्या पूर्वजांत एकही नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याची गोष्ट वेगळी. केवळ मौजेखातर जीव घेणे अब्राहामाच्या वंशजांस शोभत नाही. म्हणजे त्यांनी मोजले ते प्रयोजन, रक्त नव्हे.

येथवर वाट सोपी होती. ती अडखळते ताइफपाशी.

ताइफ हे सौदी अरबस्तानातले, मक्केच्या पूर्वेस सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे शहर. गुलाबांसाठी प्रसिद्ध, समुद्र पुष्कळ दूर. तेथे १९८६ मध्ये वन्यजीव संशोधनाचे केंद्र निघाले, आणि त्याच्या मुख्य कामांपैकी एक म्हणजे हौबारा पक्ष्याची पैदास. हौबारा हा आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊबंद. शरद ऋतूत तो मध्य आशियातून दक्षिणेस उतरतो, आणि पाळीव ससाणा सोडून त्याला धरणे हा अरबांचा पिढीजात छंद आहे. उंटावरून होत होते तोवर हे पुरून उरले. मोटारगाड्या आल्या आणि पक्षी दिसेनासे झाले. ताइफमध्ये वाढविलेले पक्षी १९९१ पासून 'महाझत अस-सैद' या कुंपण घातलेल्या, दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या राखीव भूमीत सोडले गेले. तेथे शिकारीस बंदी आहे, आणि नावात मात्र तोच शब्द, सैद!

याच भूमीत १९९० साली अरबी ओरिक्स हरणे पुन्हा आणली गेली. त्यांच्यातले शेवटचे रानटी हरीण १९७२ मध्ये ओमानमध्ये मारले गेले होते. जात टिकली ती प्राणिसंग्रहालये आणि धनिकांचे खाजगी कळप यांमुळे. तेव्हा शिकारी नाश करतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की शिकारीची आवड नसती तर हौबाऱ्याच्या पिलांवर एवढा पैसा कोणी ओतला नसता. मोरोक्कोत मिसूर येथे १९९५ पासून चाललेल्या केंद्रातले काही पक्षी तर ससाणेवाल्यांसाठीच सोडले जातात. जो जीव मुळी शिकारीकरिताच जन्माला घातला, त्याची शिकार करण्यात पाप कसले, असे कोणी विचारले तर?

तालमूदमध्ये रब्बी येहूदा हनासी यांची हकीकत आहे. कत्तलीला नेलेले वासरू त्यांच्या वस्त्राआड तोंड लपवून रडू लागले. त्यांनी त्याला जाण्यास सांगितले, कारण त्याची निर्मिती त्याचसाठी होती. मांस खाणे विहितच होते, बोलणेही खोटे नव्हते; तरी रब्बींना तेरा वर्षे दुखणे भोगावे लागले, आणि एके दिवशी दासी घरातली मुंगुसासारखी पिले झाडून टाकीत असता त्यांनी तिला थांबविले तेव्हा ते ओसरले. आम्हाला वाटते, चूक वासरू कापण्यात नव्हती. जीव आश्रयाला आला असता त्याला त्याचे प्रयोजन ऐकविण्यात होती. प्रयोजन आपले, ते त्या जिवाच्या माथी आपण मारतो.

ताइफच्या शास्त्रज्ञांना हे नकळत उमगले असावे. पिंजऱ्यात वाढलेल्या हौबाऱ्यांना भीती ठाऊक नसे, आणि सोडल्याबरोबर कोल्हे त्यांना उचलीत. म्हणून सोडण्यापूर्वी काही पिलांच्या पिंजऱ्यात जिवंत कोल्हा आणून दाखविला गेला. कोल्ह्याच्या बाहुल्याचा उपयोग झाला नव्हता; खरा कोल्हा पाहिलेले पक्षी अधिक संख्येने जगले. माणसाने जन्मास घातलेल्या पक्ष्याला पळायला शिकवावे लागले, याचा अर्थ तो पळू इच्छितो हे मान्य करावे लागले. ससाण्यापासूनही तो तसाच पळणार. ही पैदास थांबवावी असे आम्ही म्हणत नाही. पक्षी मुळीच नसण्यापेक्षा असलेला बरा. पण 'आम्हीच तुला निर्माण केले' एवढ्यावर ससाणा सोडणाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही, तसा 'आम्ही तुला सोडून दिले' एवढ्यावर गळवाल्याचाही होत नाही.

आमचा नातू अलीकडे अश्दोदच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर गळ घेऊन बसतो. ते सारे मासे परत सोडतात. त्याला आम्ही एवढेच विचारले, "बाबा, पिशवी नेतोस का?" तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही फार जुन्या काळचे." पुढल्या खेपेस त्याने पिशवी नेली. मासा एकही मिळाला नाही, आणि त्याच्या आईने रात्री अंड्याचे कालवण केले.