वैशाखात उघडा बागेचं फाटक

बीड
फाल्गुन अखेर

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मैत्रिणींना सोबत घेऊन बीड शहरातल्या आणि आसपासच्या बागा लोकांना दाखवायच्या, दर महिन्याला एका बागेत फेरी, फेरीनंतर बागवाल्याशी गप्पा, आणि हे सगळं कुणालाही येता येईल असं खुलं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. तू विचारलंस की डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करू का. हवा गार असते, शेवंती फुललेली असते, गुलाब भरात असतो. माझं उत्तर आधीच सांगून मोकळा होतो: नको. बीडमध्ये बाग दाखवायची तर ती वैशाखात दाखव. का, ते सांगायला पुढचं पत्र.

जानेवारीची चाल कुठून आली ते मला ठाऊक आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे भरतं. ती बाग सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची, म्हणजे रेल्वे यायच्या आधीची. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग 1862 मध्ये लोकांसाठी उघडली, तिथलं महापालिकेचं प्रदर्शनही थंडी सरायच्या आत उरकतात. त्या शहरांना ते शोभतं. त्यांचं पाणी धरणातून येतं आणि नळाला लागतं, त्यामुळे बाग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी फूल येतं. आपल्याकडे सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरचा, तोही हुकला की हुकला. आपल्या डोळ्यांपुढे आधी हंडा येतो. ज्या जिल्ह्यात बाग म्हणजे मुळात पाण्याचा हिशेब आहे, तिथं तो हिशेब सगळ्यात अवघड असतो त्या महिन्यात पाहुण्याला बोलवावं. जानेवारीत कुणाचीही बाग हिरवी दिसते. तेव्हा कोण हुशार आणि कोण नशीबवान, हे काही कळत नाही.

खासगी बागा लोकांना उघडण्याची रीत इंग्लंडमध्ये कशी सुरू झाली, ते तुला सांगण्यासारखं आहे. 1927 साली तिथं गावोगाव घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी पैसे हवे होते. कुणाला तरी सुचलं की बागमालकांनी आपली फाटकं उघडावीत आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. पहिल्याच वर्षी 609 बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. ती योजना आजही चालू आहे. यातलं शिलिंग सोड, मला आवडलं ते वेगळंच. बाग बघायला आलेला माणूस नकळत बागेबाहेरच्या कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. तुझ्या फेरीचाही असा कुणीतरी धनी असू दे. कोण, ते पुढे सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण तर तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शहराबाहेर पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली आणि 13 व 14 फेब्रुवारी 2020 ला तिथं वृक्ष संमेलन भरलं. लेखक अरविंद जगताप यांचाही त्यात मोठा वाटा. संमेलनाध्यक्ष कोण, तर वडाचं झाड. अध्यक्षीय भाषण झालं नाही, त्यामुळे ते कुणाला लांबलंही वाटलं नाही. पण गंमत बाजूला ठेव. ज्या बीडची बातमी एरवी टँकर, छावण्या आणि राजकारण यांचीच व्हायची, त्याच बीडमध्ये झाड बघायला, झाडाविषयी ऐकायला माणसं डोंगर चढली, ही मोठी गोष्ट झाली. बागेची फेरी आणि बागेवरचं बोलणं दोन्ही इथल्या माणसाला हवं आहे, याचा दाखला तुला त्यातून मिळतो.

देवराई या नावातली एक मेख मात्र लक्षात ठेव. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या, कारण तिथं कुणी कुऱ्हाड चालवत नव्हतं. देवाच्या धाकानं माणसांनी हात आवरला आणि रान आपोआप वाढलं. बालाघाटाच्या उघड्या माळावर नवी देवराई करायची तर नुसता हात आवरून भागत नाही. रोप लावल्यावर पहिले दोन-तीन उन्हाळे कुणाला तरी पाणी वाहावंच लागतं. रोप लावलं याचा फोटो पावसाळ्यात निघतो, ते जगलं की नाही हे मे महिन्यात कळतं. म्हणून तर म्हणतो, मे महिन्यात फेरी ने.

दुसरं कारण माणसांचं आहे, आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षा मोठं आहे. तू पत्रात 'सगळ्यांसाठी खुलं' असं लिहिलंस. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, मिळेल त्या कारखान्यावर. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांतल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर थंडीत म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं. कारखान्यांचे पट्टे पडले की पाडवा ते अक्षय तृतीया या दरम्यान घरं पुन्हा भरतात. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तू जे काही 'सगळ्यांसाठी' ठेवशील, ते या माणसांना सोडून असेल. फाटक उघडं असेल, पण येणारा माणूस पाचशे किलोमीटरवर मोळी बांधत असेल. आणि रोप, खोड, माती यांची ओळख त्यांच्याइतकी कुणाला आहे? त्यांना वगळून बागेवर बोलणं म्हणजे वाजंत्री आणि नवरदेवावाचून वरात काढणं.

तू म्हणशील, आजोबा, वैशाखात दाखवायला असतं काय? अगं, पुष्कळ असतं. मोगरा उन्हाळ्यातच फुलतो. बहाव्याचे पिवळे घोस एप्रिल-मेमध्येच लोंबतात, तेही बिनपाण्याचे. पाडव्याला कडुनिंबाचा मोहर आणि पुढे त्याची गर्द सावली. चिंचेची नवी पालवी. आणि आपलं सीताफळ! बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं खरं कसब फळात नाही, उन्हाळ्यात आहे. पाण्याची ओढ लागली की झाड पानं गाळून गप्प बसतं, मग पालवी आणि कळ्या एकदमच येतात. शेळीसुद्धा त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपण नसलेल्या डोंगरातही ते तगलं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, 'धारूर-6' हा वाण तिथलाच. तुझी एक फेरी तिकडं झालीच पाहिजे.

सीताफळाच्या बागेत गेलात तर बोलण्यापेक्षा करून दाखवायला सांग. त्याचं फूल हिरवट, जाड पाकळ्यांचं, मान खाली घातलेलं. ते आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. एकाच फुलाच्या दोन्ही वेळा जुळत नाहीत. बारीक भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात परागकण नेतात तेव्हा फळ धरतं, आणि भुंगेरे कमी पडले की फूल गळतं किंवा फळ वेडंवाकडं होतं. म्हणून जाणते बागाईतदार नर अवस्थेतल्या फुलांचे परागकण डबीत झाडून घेतात आणि मऊ ब्रशनं मादी अवस्थेतल्या फुलाला लावतात. तासाभराच्या भाषणातून जे समजणार नाही, ते ब्रश हातात धरल्यावर दहा मिनिटांत समजतं. जाता जाता हेही सांग की सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची जुनी सवय डोळ्यांना घातक आहे. असल्या कामाच्या गोष्टी ऐकायला माणसं पुन्हा येतात.

बोलण्याची तऱ्हा कशी असावी, यासाठी श्रीपाद अच्युत दाभोलकरांचं नाव लक्षात ठेव. कोल्हापूरचा हा गणिताचा माणूस. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असं नव्हतं. ज्यानं जे करून पाहिलं ते त्यानं मांडायचं, दुसऱ्यानं आपल्या वाफ्यात पडताळायचं. द्राक्षवाल्यांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत ही पद्धत पोचली. तुमचा गप्पांचा तास असाच ठेवा. व्यासपीठ नको, माईक नको, प्रमुख पाहुणे नकोत. शाल-श्रीफळ तर अजिबात नको; सत्कारात पाऊण तास जातो आणि ऊन चढतं. हारासाठी फुलं खुडून बागेचं कौतुक करणं हा विनोद आपल्याकडं पुष्कळ झाला.

प्रत्येक बागेत चार प्रश्न विचारायचे. पाणी कुठून येतं? रोज किती लागतं? ते घालतं कोण? आणि काय काय मेलं? चौथा प्रश्न लाजू नको, हसून विचार. गेलेल्या झाडाचं कारण सांगणारा माणूस शंभर फुलांच्या मालकापेक्षा जास्त शिकवतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सावध राहा. पाहुणे आले की बोलायला घरचा पुरुष पुढं येतो, आणि भांडी घासलेलं पाणी अळूला, अंघोळीचं पाणी केळीला नेऊन घालणारी बाई चहा करायला आत जाते. तिला बाहेर बोलवायचं. चहा राहू दे म्हणायचं. बचत गटांमधून 'उमेद'नं पोषण परसबागांची जी मोहीम चालवली, तिच्यामुळे आता गावोगाव अशा बायका आहेत ज्यांना कोणत्या वाफ्यात काय आणि कधी हे तोंडपाठ आहे. तुझे वक्ते तिथं आहेत.

वैशाखात लोकांनी बघण्यासारखं खरं म्हणजे हे असेल: रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, त्यातून मातीत झिरपणारं पाणी, खोडाभोवती उसाचं पाचट किंवा वाळला पालापाचोळा यांचं आच्छादन, सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगून थेंब थेंब पाणी मिळालेलं लिंबाचं रोप, हिरव्या जाळीची सावली, आणि टँकर आला नाही त्या आठवड्यात कोणतं झाड सोडून द्यायचं आणि कोणतं धरून ठेवायचं याचा घरात झालेला निर्णय. हा शेवटचा मुद्दा कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

सुरुवात बागेपासून करू नकोस. पहिली फेरी खजाना विहिरीपासून काढ. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी सलाबतखानाच्या कारकिर्दीत ती बांधली, आणि पाणी नेण्याची योजना राजा भास्कराची, असं सांगतात. मोट नाही, पंप नाही. जमिनीखालच्या पाटानं नुसत्या उतारावर पाणी शेता-मळ्यांपर्यंत गेलं. विहीर बघून बागेत गेलेला माणूस बागेकडं वेगळ्या नजरेनं बघतो, आधी उतार बघतो.

आता फेरीच्या धन्याचं. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोषण आहारासाठी परसबागा केलेल्या असतात. मुलं मेथी-पालक लावतात, शेवगा लावतात, मन लावून करतात. मग मे महिन्याची सुट्टी लागते, शाळेला कुलूप लागतं आणि बाग वाळते. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या फेरीला येणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका, पाळी घ्या. ज्या गावात बाग बघायला जाल, त्याच गावच्या शाळेच्या बागेला सुट्टीभर आळीपाळीनं पाणी घालायला चार नावं लिहून घ्या. जमलं तर एखाद्या दुकानदाराकडून ठिबकची नळी मिळवा. इंग्लंडच्या बागांनी परिचारिकांना जगवलं, तुमच्या बागांनी एक शाळेची बाग जूनपर्यंत पोचवली तरी फेरीचं सार्थक झालं.

यावर तुझ्या मैत्रिणींची तक्रार काय असेल ते मी आत्ताच ऐकतोय. बेचाळीस डिग्रीत येणार कोण? बरोबर आहे. म्हणून फेरी सकाळी सहाला सुरू करायची आणि साडेआठला संपवायची. उन्हाळ्यात इथला माणूस तसाही पहाटेच उठतो. दुसरी तक्रार बागवाल्यांची असेल: 'आत्ता काय बघता, श्रावणात या, बघत राहाल.' त्यांचा संकोच खरा आहे. वाळकी पानं, निळे ड्रम, गळकी नळी लोकांना दाखवायला कुणाला आवडेल? त्यांना सांग की आम्ही श्रावणातही येऊ, पण आत्ता तुम्ही जे करता ते शिकायला आलोय. घरची पडवी, मागचं अंगण ही खासगी जागा असते, तेव्हा आधी एकटीनं जाऊन विचार, आणि नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नकोस. तिसरी अडचण अशी की वर्तमानपत्रात फोटो चांगला येणार नाही. नाही आला तर नाही आला.

मुहूर्त म्हणशील तर अक्षय तृतीया. त्या दिवशी आपल्याकडे पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा घट देतात, तोवर तोडीला गेलेली माणसंही बहुतेक परतलेली असतात. हातात महिनाभर आहे. तेवढ्यात बागा फिरून घे, पाच-सहा पुरेत. यादीत एक बंगल्याची असू दे, एक तांड्यावरची, एक शाळेची, एक गच्चीवरची. पंचवीस माणसांच्या वर नेऊ नकोस, बारक्या वाफ्यांतून तेवढीच मावतात. जाहिरातीत वेळ मोठ्या अक्षरांत लिही आणि खाली एक ओळ न विसरता घाल: प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणावं, बागवाल्याच्या माठाला हात लावायचा नाही.

आईला नमस्कार सांग. तारीख ठरली की कळव.

तुझे
आजोबा