वीस यार्ड

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपतो. एका हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर मीही मचाणावर होतो. धनुष्य त्याच्याकडे; माझ्याकडे दोन जोड मोजे आणि गप्प बसायची ताकीद. समोर मक्याचं कापलेलं शेत, बर्फातून डोकावणारी धसकटं. चारच्या पुढे एक हरणी आली, मागे त्याच वर्षीचं पाडस, आता जवळजवळ आईच्या खांद्याला लागलेलं. शेजाऱ्याने दोरी ओढली. हरणी आमच्याकडे छाती करून उभी होती. तो तसाच थांबला, हात थरथरायला लागला आणि अखेर त्याने दोरी हळूहळू सैल सोडली. जाकिटाची बाही खसकन वाजली. हरणीने पुढचा खूर जमिनीवर आपटला, पांढरी शेपटी वर झाली, आणि दोघं झाडीत दिसेनाशी झाली. हंगाम संपला.

तेव्हा मला तो दयाळू वाटला. नंतर समजलं, दयेचा इथे फारसा संबंध नव्हता. बंदुकीची गोळी धक्क्यानेही आडवं पाडते. बाण कापतो आणि रक्तस्रावाने मारतो. तो फुप्फुसांतून आरपार जायला हवा, म्हणून हरीण आडवं उभं असावं लागतं. समोरून हाडं आड येतात. बाण लागल्यावरही लगेच मागे धावायचं नसतं. अर्धा तास थांबायचं, मग बर्फावरचं रक्त वाचायचं: गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवट आणि घाण वास असेल तर पोट. पोटात लागलं असेल तर तासन्‌तास वाट पाहायची, कारण पाठलाग केला तर जखमी जनावर मैलभर जाऊन कुठेतरी एकटं मरतं.

म्हणूनच ‘आम्ही हरणाला जास्त संधी देतो’ हा धनुष्यवाल्यांचा आवडता दावा मला पटत नाही. हत्यार अवघड असतं ते शिकाऱ्याला. पोटात बाण घेऊन रात्र काढणाऱ्या हरणाला त्या अवघडपणाचं काय? या शिकारीत नीती असलीच तर ती शिकाऱ्याने स्वतःला घातलेल्या अंतराच्या अटीत आहे: वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही. आधुनिक कप्पीच्या धनुष्याचा बाण वीस यार्ड जायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो आणि हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दबवतं. चाळीस यार्डांवर त्याला दबायला दुपटीहून जास्त वेळ मिळतो आणि फुप्फुसावर धरलेला बाण भलतीकडेच बसतो. सप्टेंबरात वीस यार्डांची अट पाळणं सोपं, उद्या आहेच. शेवटच्या दिवशी तेच वीस यार्ड डोळ्यांदेखत पंचवीस, तीस व्हायला लागतात. त्यात थंडीने आखडलेले खांदे, आणि चार महिने माणसं चुकवून शहाणी झालेली हरणं.

याच राज्यात १९३४ साली धनुष्यबाणाचा पहिला आधुनिक हंगाम सुरू झाला. इथल्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतःची धनुष्यं स्वतः घडवत. शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक नसतो, त्याचा पंच त्याची सदसद्विवेकबुद्धीच, असं त्यांचं म्हणणं. (त्या संध्याकाळी प्रेक्षक म्हणून मी होतो, हे मला अजून खटकतं.)

पण शिकारीच्या बाजूने हल्ली दुसराच युक्तिवाद जोरात असतो: व्यवस्थापनाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखच उरली होती. आज ती सुमारे ३ कोटी आहेत. लांडगे बहुतेक भागांतून गेले. हरणं जंगलातली रोपं खातात, मोटारींना धडकतात. संवर्धनाचा बराच पैसाही शिकारीतून येतो: १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर संवर्धनाकडे वळवला आणि १९७२ साली धनुष्यबाणही त्यात ओढले. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचं दार बंद होत गेलं. वन्यजीव वाचवायला एका देशाने शिकाऱ्याला दूर केलं, दुसऱ्याने त्याच्याकडून पैसे घेतले.

हिशेब म्हणून हे सगळं खरं आहे. पण हरणं कमी करणं हे कर्तव्य असेल, तर दोरी सैल सोडणं ही कामचुकारी ठरते. शिवाय त्या कामाला बंदूक कितीतरी बरी. आणि दोरी सैल सोडणं हाच या छंदाचा मान असेल, तर व्यवस्थापनाचं नाव उगाच पुढे करू नये. शिकारी ही दोन्ही नाणी खिशात ठेवतो आणि समोरचा माणूस पाहून एकेक काढतो. मांस हवं असतं, झाडावर तासन्‌तास निश्चल बसणं हवं असतं, आणि मारण्याच्या क्षणाची ओढही असते, एवढं सरळ सांगितलं तर मला ते जास्त मानवेल.

अंधारात शिडी उतरून आम्ही त्याच्या घरी आलो. गॅरेजमधला फ्रीजर उघडून त्याने मला कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. वर मार्करने लिहिलं होतं: ऑक्टोबर, मादी. इथल्या हरणांमध्ये मेंदूचा एक जीवघेणा रोग २००२पासून आढळतो. या मादीची तपासणी झाली आहे, रिपोर्ट चांगला आला, हे त्याने आवर्जून सांगितलं. फ्रीजर तळापासून झाकणापर्यंत भरलेला होता. मी पुडकं घेतलं, आणि रिकाम्या फ्रीजरवाल्याने त्या संध्याकाळी काय केलं असतं, हे विचारायचं राहून गेलं.