अभावाचे मोल

एखाद्या वस्तूचे मोल तिच्या अंगच्या गुणांवर ठरते की तिच्यासारख्या इतर वस्तू जगात नसण्यावर ठरते, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा वाटतो. परंतु जगात 'आहे' असे नेमके कशाकशाला म्हणता येते, या ज्या शोधाला भारतीय दर्शनांनी पदार्थविचार म्हटले, त्यातच या प्रश्नाचे मूळ आहे. विकत घेणारा गुणांचे पैसे देतो अशी सर्वसाधारण समजूत असते. दुर्मिळ वस्तूच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा न-असण्याचे पैसे देतो, आणि ज्याचे पैसे दिले ते त्याच्या हाती कधीच येत नाही.

पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली फियाट पुंटो ही मोटार या विचारासाठी सोयीचे उदाहरण आहे. त्या गाडीचा डिझेलवर चालणारा साधा प्रकार मध्यमवर्गीय कुटुंबांनी घेतला आणि वापरला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र त्याच सांगाड्यात १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन बसवून, १४५ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली 'अबार्थ पुंटो' बाजारात आली. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेल्या आणि १९७१ पासून फियाटच्या मालकीच्या झालेल्या त्या नाममुद्रेचे चिन्ह विंचू आहे. सुमारे दहा लाखांची छोटी गाडी भारतात त्या काळी फारशी कोणी वेगासाठी घेत नसे, त्यामुळे ती मोजक्याच लोकांनी घेतली. पुढे १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' हे प्रदूषणाचे कडक मानक लागू होण्यापूर्वीच फियाटने येथील विक्री आवरली आणि तिचे उत्पादन कायमचे थांबले. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज शौकीन जी गाडी शोधत हिंडतात ती हीच. तिच्या किमतीचा एक भाग इंजिनाचा आहे, आणि तो न्याय्य आहे, कारण ती शक्ती गाडीतच असते. उरलेला भाग मात्र तिच्या बहिणी यापुढे जन्मणार नाहीत, या वस्तुस्थितीचा आहे.

हा उरलेला भाग किती वाढू शकतो, हे मर्सिडीज-बेंझच्या १९५५ सालच्या ३०० एसएलआर कूपे या गाडीने दाखवले. अशा दोनच गाड्या तयार झाल्या होत्या, आणि त्यांपैकी एक मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. उद्या कोठल्या तळघरात तिसरी सापडली, तर विकलेल्या गाडीचा एक खिळाही बदलणार नाही, तिचा वेग किंवा तिची घडण यांत तिळमात्र फरक पडणार नाही, तरीही तिची किंमत घसरेल. जे दूर कोठेतरी घडल्याने वस्तूत काहीही न बदलता नाहीसे होते, ते त्या वस्तूत राहत होते असे म्हणता येत नाही.

कणादांच्या परंपरेने, म्हणजे वैशेषिक दर्शनाने, या जागी दोन सूक्ष्म विचार मांडून ठेवले आहेत. पहिला संख्येविषयीचा आहे. संख्या हा वैशेषिकांच्या मते द्रव्यात राहणारा गुणच होय, पण 'एक' आणि 'दोन' यांत ते भेद करतात: एकत्व हे वस्तूचे स्वतःचे असते, तर दोन, तीन व त्यापुढील संख्या अपेक्षाबुद्धीमुळे, म्हणजे 'हे एक, ते एक' असे अनेकांना एकत्र धरणाऱ्या ज्ञानामुळे उत्पन्न होतात आणि ते ज्ञान सरले की त्याही सरतात. 'दोनांपैकी एक' किंवा 'तीनशेंपैकी सतरावी' हे वर्णन, जे मर्यादित आवृत्तीच्या गाडीवर धातूच्या पट्टीत कोरून मिरवले जाते, ते या दृष्टीने गाडीचे नसून मोजणाऱ्याच्या बुद्धीचे आहे. मालकाने ती मोजणी सोडली, तर त्याच्या दारात उभी असते ती केवळ एक गाडी, आणि तेवढे एकत्व डिझेलच्या पुंटोलाही आहे.

दुसरा विचार अभावाचा. उत्तरकालीन वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहा पदार्थांत अभाव हा सातवा पदार्थ मिळवला, कारण 'येथे घट नाही' हे ज्ञानही खरे असते आणि खऱ्या ज्ञानाला काहीतरी विषय असलाच पाहिजे. ज्याचा अभाव असतो त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी सांगितल्यावाचून अभाव सांगताच येत नाही. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो तो प्रागभाव, त्याला आरंभ नसतो पण वस्तू होताच शेवट असतो. आणि वस्तू नष्ट झाल्यावरचा जो अभाव तो प्रध्वंसाभाव, त्याला आरंभ असतो पण शेवट नसतो. दुर्मिळतेची किंमत या दुसऱ्या अभावावर पोसली जाते. घाटात आदळून भंगारात गेलेली प्रत्येक अबार्थ उरलेल्यांच्या मालकांना थोडे श्रीमंत करते, आणि हा लाभ कोणाच्याही श्रमाचा नसल्यामुळे त्याचे नैतिक स्वरूप तपासणे भाग पडते. संग्राहक मनाने दुष्ट असतो असे नाही. पण त्याची मालमत्ता अशा रीतीने बांधलेली असते की दुसऱ्याची हानी तिच्यात आपोआप जमा होते. जैन आचारात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या ढिगावर न करता मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूत गुंतून पडलेल्या चित्तावर केली आहे, ती या ठिकाणी अचूक लागू पडते, कारण ज्याने अभाव विकत घेतला त्याचे चित्त आपल्या एका वस्तूत तर गुंततेच, पण जगातल्या तशा सर्व वस्तूंच्या हिशेबातही अडकते.

कोकणातल्या महाड तालुक्याला या प्रश्नाचे फार जुने आणि फार मोठे उदाहरण लाभले आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्या निमित्ताने 'शिवराई होन' हे सोन्याचे नाणे पाडण्यात आले, ज्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. हीच अक्षरे तांब्याच्या शिवराईवरही होती, जी पेशवाईत पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. आज अस्सल होन बोटांवर मोजण्याइतकेच ठाऊक आहेत, तर तांब्याच्या शिवराया जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे सहज मिळतात. सोने वितळवून पुन्हा वापरता येते. त्यामुळे होनांचे दागिने झाले असतील, दुसरी नाणी झाली असतील, आणि जे उरले ते कोणीतरी न वापरता जपून ठेवले म्हणूनच उरले. संग्राहकाच्या बाजूने एवढे मान्य केलेच पाहिजे, आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे, की साठवण्याची वृत्ती नसती तर राज्याभिषेकाची ती सोनेरी साक्ष आज डोळ्यांना दिसली नसती. तरीही राज्य ज्या नाण्यावर चालले ते तांब्याचे होते. मीठ, भाजी, जकात, मजुरी यांच्या देवघेवीत अक्षरे पुसून जाईपर्यंत ते हिंडले, आणि स्वराज्याचे नाव ज्या घरांत सोने कधी शिरले नाही तेथेही त्याने पोहोचवले. बाजारात त्याला फारसे मोल नाही, ते केवळ पुष्कळ उरले म्हणून. होनाचे मोल केवळ दुर्मिळतेचे नाही, रायगडाच्या स्पर्शाचेही आहे, हे खरे; पण त्या स्पर्शाचा वारसा शिवराईलाही तितकाच आहे, आणि तरी तिच्या किमतीत तो उतरत नाही, यावरून दोहोंपैकी कशाचे पैसे दिले जातात ते स्पष्ट होते.

याच तालुक्यात शिवथरघळ आहे, जेथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्या दशकाचा दहावा समास नरदेहाच्या स्तवनाचा आहे, आणि मनुष्यजन्म दुर्लभ आहे हा त्याचा व सर्व संतपरंपरेचा सिद्धांत होय. ही दुर्लभता बाजारातल्या दुर्मिळतेहून मुळातच वेगळी आहे. शेजाऱ्याला नरदेह मिळाला म्हणून आपल्या नरदेहाची योग्यता घटत नाही. येथे प्रतियोगीची गरजच पडत नाही. नरदेह विकता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो वापरल्यानेच सार्थकी लागतो, जपून ठेवल्याने वाया जातो. दुर्मिळ गाडीचा हिशेब याच्या अगदी उलट चालतो, कारण मीटरवर चढणारा प्रत्येक किलोमीटर तिची किंमत उतरवतो.

पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट या विरोधाची कसोटी ठरतो. सावित्री नदीचे खोरे सोडून रस्ता प्रतापगडाच्या पायथ्याकडे वळणावळणांनी वर जातो, आणि वळणात न डगमगणे, उतारावर वेळेत थांबणे, चढावर दम न सोडणे हे जे गुण अबार्थसारख्या गाडीत घालण्यासाठी अभियंत्यांनी बुद्धी वेचली, ते अशाच रस्त्यावर, अर्थात नियमाने आणि बेताने चालवताना, प्रकट होतात. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचे तर गाडीचे प्रयोजन गती आहे. आच्छादनाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी आपल्या प्रयोजनाला पारखी होते, आणि नेमक्या त्याच कारणाने महाग होते. सह्याद्रीच्या पावसात दगडमातीने दर साली झिजणारा तो रस्ता मात्र वापरासाठीच पुन्हा पुन्हा दुरुस्त होतो.

अभावाला किंमत देण्याची रीत माणसांच्या व्यवहारात शिरली की ती किती क्रूर होते, हेही महाडनेच पाहिले. तेथील चवदार तळ्यात पाणी कमी नव्हते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठरावही केला होता. तरी ज्यांना अस्पृश्य ठरवले त्यांच्यापुरते ते पाणी नसल्यातच जमा होते. गाडीच्या हौसेशी या अन्यायाची बरोबरी करणे अनुचित आहे. पण विपुल वस्तूभोवती कुंपण घालून ती काहींना दुर्लभ करायची आणि त्या कुंपणातून स्वतःची प्रतिष्ठा काढायची, ही युक्ती तेथे उघडी पडते, कारण सवर्णांना पाणी अधिक मिळत नव्हते, मिळत होते ते इतरांना पाणी नसण्याचे मोठेपण. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी प्राशन केले, त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि वाद न्यायालयात गेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बहिष्काराची रूढी अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे ठरवून दलितांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याचे पाणी त्या निकालाने उणे झाले नाही. नाहीसा झाला तो फक्त मोठेपणाचा दावा, ज्याला पाण्यात कधी जागाच नव्हती.