आपली टीम म्हणजे नेमकी कुणाची?

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बाहेरच्या माणसाला कुस्तीगिरांची वाटतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. आमच्याकडे पेठेतली पोरं आधी तालमीच्या लाल मातीत उतरली, जोर-बैठका मारून मारुतीच्या पाया पडली आणि मग त्याच तालमीच्या नावानं चेंडूमागे धावली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलं, त्या कुस्तीच्या गावात फुटबॉल असा तालमीच्या दारातून आत आला.

मी माझ्या तालमीकडून लेफ्ट बॅक खेळलो. माझ्यासोबतचं आज तिथं कोण आहे? कुणीच नाही. कुस्तीचा हौद बुजला, तिथं व्यायामाची यंत्रं आली. जर्सी बदलली, इमारत बदलली. संघात परगावचे खेळाडू आले; कोल्हापूरच्या मैदानानं तर नायजेरियाचे खेळाडूही पाहिले. तरी हंगाम सुरू झाला की मी शाहू स्टेडियमवर जाऊन ‘आपली टीम’ म्हणून ओरडतो. त्यातलं ‘आपलं’ नेमकं काय उरलं, हा प्रश्न मला या वयात फार जवळचा वाटतो.

मिलिंद राजानं भिक्खू नागसेनाला असाच प्रश्न विचारल्याचं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. जन्मलेलं मूल आणि मोठा झालेला माणूस एकच की वेगवेगळे? नागसेनानं रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते. पण शेवटचीला वेगळीही म्हणता येत नाही, कारण ती पहिलीतूनच आली. तालीम मला तशीच दिसते. तिच्यात न बदलणारी एकही वस्तू नाही. एका पिढीनं दुसरीला दिलेली शिस्त आणि जबाबदारी तेवढी सलग आहे: पहाटे उठणं, थोरल्याचं ऐकणं, धाकट्याला बूट मिळवून देणं, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणं.

हे मान्य केलं की ‘आपला कोण’ याचं उत्तरही बदलतं. आपलेपण जन्मावर ठरत नाही. ही शिस्त जो पाळतो, तो आपला. दूरदेशाहून येऊन आपल्या नावासाठी घाम गाळणारा पोरगा आपला. पेठेतच जन्मून गॅलरीतून दगड भिरकावणारा मात्र तालमीच्या नावाचा वारस नव्हे. ईर्षेचे सामने मी आयुष्यभर पाहिले. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण हुल्लडबाजीमुळे सामना थांबतो, पोलिसांना मैदानात यावं लागतं, तेव्हा नुकसान दोन्ही तालमींचं होतं. समोर तोलामोलाची तालीम नसेल तर आपली तालीम खेळणार कुणाशी? प्रतिस्पर्ध्यामुळेच आपल्याला आपली ताकद कळते. त्याचा द्वेष करणं म्हणजे आपल्याच मुळावर घाव घालणं.

तालमींना हे पूर्वीपासून माहीत आहे. कोल्हापुरात कितीतरी तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा एकाच छताखाली दोघांची सेवा झाली. ज्या घरात दोन श्रद्धा नांदतात, तिथं दोन जर्सी नांदायला काय हरकत आहे? २०१७ साली अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याची पेठ कुठली हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ‘आपलं’ तेवढं मोठं होऊ शकतं.

आपलं स्टेडियम ज्या शाहू महाराजांच्या नावानं आहे, त्यांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि जन्मावर माणूस मोजण्याच्या रीतीला धक्का दिला. त्यांच्या नावाच्या मैदानात कोण कुठल्या पेठेत जन्मला यावरून माणूस मोजणं शोभत नाही. म्हणून तालमीच्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: ईर्षा पोटभर करा, गळा बसेपर्यंत ओरडा, आणि समोरच्यानं चांगला गोल मारला तर त्यालाही टाळी द्या.