ग्लासात काय आहे?

स्क्रूड्रायव्हर करायला कौशल्य लागत नाही. उंच ग्लासात बर्फ, ५० मिलिलिटर व्होडका, १०० मिलिलिटर संत्र्याचा रस. एकदा ढवळलं की झालं. पर्शियन आखातातल्या अमेरिकी तेलकामगारांनी चमच्याऐवजी हातातल्या स्क्रूड्रायव्हरनं ते ढवळलं, म्हणून हे नाव, अशी दंतकथा सांगतात.

पेयाचा स्वभाव मात्र नावात नाही, व्होडकात आहे. १९४९ साली अमेरिकी सरकारनं व्होडकाची केलेली व्याख्या सगळी नकारातच होती: खास गुण नाही, गंध नाही, चव नाही. पुढच्या दशकातल्या जाहिरातींनी तोंडाला वास येत नाही, हेच आडवळणानं सांगून ती खपवली. रसात मिसळली की ग्लास अगदी सज्जन दिसतो.

असं लपवणं वाईट का?

माझ्या एका मित्रानं दारू सोडली होती. बंगळुरूच्या आमच्या घरी काहीजण जमले होते. ‘आज घेत नाहीस?’ हा प्रश्न त्याला नको होता. म्हणून मी त्याचा नुसता रसही तसल्याच ग्लासात, तेवढाच बर्फ घालून, कडेला संत्र्याची चकती लावून तयार केला. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. इतरांना कळायचं कारण नव्हतं. ती लपवाछपवी मला आजही गैर वाटत नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. परत येतो तर कुणीतरी ट्रे हलवलेला. दोन ग्लास, हुबेहूब. हुंगून पाहिले, घोटभर चाखले. पण आधीच दोन ग्लास रिचवलेल्या माझ्या जिभेवर माझाच भरवसा नव्हता. मित्रानं हात पुढे केला होता. ‘बहुतेक हाच’ म्हणून देता आला असता. पण त्या ‘बहुतेक’ची किंमत मी नव्हे, तो मोजणार होता.

दोन्ही ग्लास सिंकमध्ये ओतले आणि त्याच्यादेखत नवी संत्री पिळली. एकानं कारण विचारलंच. मी गप्प राहिलो. ‘सोडलीय,’ मित्र म्हणाला.

आपल्या ग्लासात काय आहे हे जगापासून लपवण्याचा हक्क पिणाऱ्याला आहे. पिणाऱ्यापासून ते लपवण्याचा हक्क कुणालाच नाही. कुणाच्या रसात गुपचूप ‘थोडीशी’ टाकून हसणाऱ्यांना तर नाहीच. ग्लास भरणाऱ्यावर पिणारा डोळे मिटून विश्वास टाकतो. तो विश्वास सांभाळायचा, तर भरणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायला हवेत.

तेव्हापासून आमच्याकडे नुसता रस स्टीलच्या पेल्यात देतात. ते त्या मित्रानंच सुचवलं.