पोढी आणि गाळणे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी भिक्षुसंघाला लेणे दिले, सोबत पोढी दिली, अशा नोंदी तिथे कोरलेल्या आहेत. आज त्याच डोंगरावर रविवारी अंधेरी-मुलुंडच्या सहली चढतात. पाणी घरून भरून न्यावे, डबा स्टीलचा असावा, कचरा परत आणावा, हे सगळ्यांना पाठ असते. का, असे विचारले की उत्तर ‘दंड होतो’ किंवा ‘घाण दिसते’ इथेच थांबते. माझ्या मते हा प्रश्न स्वच्छतेच्या आधी धर्माचा आहे. आणि धर्म म्हणजे इथे पुण्याची साठवण नव्हे, तर सोबत चालणाऱ्यांचे आणि मागून येणाऱ्यांचे आपण काय लागतो, याचा विचार.

याला आधार विनयपिटकातच, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातच, सापडतो. पावसाळ्यात भिक्षू गावोगाव हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी कुरबुर लोकांनी केली; म्हणून तीन महिने एका जागी राहण्याचा, वर्षावासाचा नियम झाला. म्हणजे नियमाची सुरुवात ध्यानातून नाही, शेजाऱ्यांच्या तक्रारीतून झाली. दुसरी कथा प्रवासाचीच आहे. दोन भिक्षू वाटेने निघाले. एकाकडे पाणी गाळायचे गाळणे होते, दुसऱ्याने मागितले तर त्याने दिले नाही आणि तो दुसरा तहानेने मेला. त्यावर नियम झाला की वाटेत सोबत्याने गाळणे मागितले तर नाकारू नये आणि गाळण्यावाचून प्रवासाला निघू नये. नसेलच तर चीवराच्या, म्हणजे अंगावरच्या वस्त्राच्या, पदराने गाळावे. तिसरी कथा बुद्धाचा शिष्य आनंद याची. त्याला पाचशे वस्त्रे दानात मिळाली तेव्हा राजा उदयनाने हिशेब मागितला. जुन्या वस्त्रांच्या चादरी, जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, पुढे बैठका, पायपुसणी, फडकी आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवायला, असे उत्तर आनंदाने दिले. या तिन्ही कथांत संयम एकट्याच्या मोक्षापुरता राहत नाही. तो दुसऱ्याला उत्तर देतो: शेजाऱ्याला, सोबत्याला, दात्याला.

यावर पहिला आक्षेप असा की ही आजची पर्यावरणाची भाषा जुन्या ग्रंथांच्या तोंडी घातली आहे. गाळणे जीवहिंसा टाळण्यासाठी होते, नदी वाचवण्यासाठी नव्हे. हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण सवय टिकते ती तिच्या हेतूवर टिकते आणि ‘माझ्या पावलाखाली कोण येते’ हा हेतू ‘कचरा टाकू नका’ या पाटीपेक्षा खोल जातो. घाटकोपर-मुलुंडमध्ये पायी विहार करणारे जैन साधू-साध्वी आजही चातुर्मासात एका जागी थांबतात. त्यांना त्यासाठी पाटी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कारखाने आणि बांधकामे एवढे नासवत असताना माझ्या एका बाटलीने काय होणार? याचेही उत्तर कान्हेरीतच आहे. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या झरथुष्ट्री प्रवाशांनी लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीत आपली नावे कोरली. ही इथल्या सहलीची जुनी हजेरीच म्हणायची. ती नावे आज आपण जपतो आणि काल कोणी खिळ्याने कोरलेले नाव पाहून संतापतो. कृती एकच, मग फरक कशाने पडला? संख्येने. चार जणांनी केले तर खूण राहते, लाखोंनी केले तर भिंत जाते. म्हणून ‘मी एकटा’ हे गर्दीच्या शहरात चालणारे माप नाही. दहिसर नदी या उद्यानातूनच बोरिवलीच्या वस्तीत उतरते; वर फेकलेल्या एकेका पिशवीची बेरीज खालच्या नाल्यात होते. कारखान्याचा दोष याने कमी होत नाही, पण त्याच्या दोषाने आपलाही फिटत नाही.

तिसरा आक्षेप गृहस्थाचा: लेकरे-म्हातारे घेऊन निघालेल्यांनी भिक्षू का व्हावे? व्हायला नकोच. कान्हेरीतल्या अनेक पोढ्या गृहस्थांनीच दिल्या होत्या. पाण्याची सोय दात्याकडे आणि जपून वापर भिक्षूकडे, अशी ती वाटणी होती. तेव्हा सहलीच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ मागणे हा तुमचा हक्क आहे. नळाशिवाय संयमाचा उपदेश पोकळ आणि संयमाशिवाय नळाखालीही बाटल्यांचा ढीग. शिवाय गट मोठा असला की संयम सोपा होतो: वीस बाटल्यांऐवजी पाण्याचा एक जार, दहा गाड्यांऐवजी लोकल आणि एक बस, एक मोठी चटई, उरलेल्या पुऱ्यांसाठी एक रिकामा डबा. पुढच्या सहलीची यादी कराल तेव्हा ‘काय न्यायचे’ याच्या खाली आणखी एक ओळ लिहा: सोबत्याने मागितले तर द्यायला माझ्याकडे काय आहे?