पेन्सिलीच्या आधीचा हात

सातारा जिल्ह्यात फलटणला प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा १९८६ साली सुरू झाली. ती उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन भाषातज्ज्ञ, त्यामुळे मुलं वाचायला कशी शिकतात या कामासाठी शाळेचं नाव झालं. ज्यांच्या नावाने ती चालते त्या कमलाबाईंचं क्षेत्र मात्र वेगळं होतं. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या आणि लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय काढलं. आजाराने किंवा अपंगत्वाने अडलेले हातपाय रोजच्या कामांतून पुन्हा चालते करायचे, ही ती विद्या. फलटणच्या शाळेत अक्षरं आणि हात असे एका नावाखाली नांदतात. बहुतेक पहिलीच्या वर्गांत मात्र त्यांची गाठच पडत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडते. मेपर्यंत अंगणवाडीताईंभोवती फेर धरून नाचणारं पोर पहिलीत येतं आणि हाताची घडी, तोंडावर बोट करून बसतं. सांगली, मिरज, कऱ्हाडच्या खासगी बालवर्गांत तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पेन्सिल हातात येते. वही भरली की घरचे खूश.

त्या हाताकडे जरा नीट पाहायला हवं. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून वर्षानुवर्षं कठीण होत जातात. शेवटचं हाड साधारण नऊ ते बारा या वयात दिसू लागतं. बोटांचे बारीक स्नायूही उशिरा पक्के होतात. पाठ आणि खांदा स्थिर नसेल तर बोटांना आधार मिळत नाही, म्हणून मूल वहीवर ओणवं होतं, पेन्सिल दाबून धरतं, चार ओळींत थकतं. बाई म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे. खरं तर त्याच्या शरीराची तयारी व्हायची असते.

ही तयारी आपल्याकडे खेळांतून आपोआप होत असे. सूरपारंबीत लोंबकळताना खांदे आणि मूठ बळकट होते. लंगडीत तोल येतो, फुगडीत गरगरूनही सावरता येतं, सागरगोट्यांत डोळा आणि हात एकत्र चालतात. जुन्या शाळेतली धूळपाटीसुद्धा शहाणीच म्हणायची: धुळीत अक्षर ऐसपैस काढता येई आणि चुकलं तर हाताने पुसता येई. आता अंगणात फरशी आणि दारात गाड्या आहेत, आणि पोराच्या हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली. आपल्या किती मुलांना तेवढी मिळते?

ही उणीव भरून काढायला बाजारात कायनेसिऑलॉजीच्या नावाने बरंच काही येतं. शरीराच्या हालचालींचं शास्त्र म्हणून तो विषय भक्कम आहे. पण १९६४ साली अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांनी सुरू केलेली, हात दाबून स्नायूच्या जोरावरून दोष ओळखण्याची पद्धत वेगळी. नीट घेतलेल्या चाचण्यांत तिचा अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरलेला नाही. पॉल डेनिसन यांच्या ‘ब्रेन जिम’मधले व्यायाम करायला हरकत नाही, पण त्यांनी वाचन-लेखन सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. शाळेच्या भीतीने रडणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी अशा तपासणीवर पैसे घालवू नयेत.

सरकारी कागदावर योग्य गोष्ट लिहिलेली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. त्यानंतर आलेल्या ‘विद्या प्रवेश’मध्ये पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून शिकण्यासाठी आहेत. महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ अभियानाच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत शारीरिक विकासाचं वेगळं टेबलच मांडलं जातं आणि माता गटांना घरी करायच्या कृती दिल्या जातात. मेळाव्याचा दिवस छान जातो. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

आणि हालचाल म्हणजे सगळं काही नव्हे, हे उसाच्या फडात कळतं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोड कुटुंबं सातारा-सांगलीत येतात. त्यांची पोरं पाचव्या-सहाव्या वर्षी पाणी आणतात, धाकट्याला कडेवर घेऊन फिरतात, बैलगाडीवर सरसर चढतात. अंगात चपळाई भरपूर, पण अंगणवाडीतलं नाव गावी राहिलेलं आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत शाळेचे कित्येक महिने गेलेले. या मुलांना व्यायाम नको, त्यांच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, वर्ग हवा आणि त्यांची वाट पाहणारी एक ताई हवी.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना एवढीच विनंती आहे, की येत्या जूनच्या पहिल्या बैठकीत पहिलीच्या वेळापत्रकावर बोला. रोज एक तास मैदान, पहिले तीन महिने ओळीच्या वहीला सुट्टी, त्याऐवजी माती, वाळू, खडू आणि जमिनीवरची मोठी अक्षरं. यासाठी वेगळं अनुदान लागत नाही.